कंपनीचा माल

गाडी सिग्नलला उभी होती आणि तिचा पाय ब्रेकवर होता. पाय स्थिर होता. तरीही बसल्या जागी डुलकी लागलेल्या माणसाची मान कलंडावी तसे पायाखालचे पॅडल हळूहळू खाली चालले होते. गाडीचे नाक पुढे उभ्या असलेल्या पावाच्या टेम्पोकडे सरकू लागले, तेव्हा तिने दचकून पाय उचलला आणि पुन्हा दाबला. या वेळी ब्रेक असा लागला, की जणू मघाशी काही झालेच नव्हते. वस्तूंनाही कधी कधी माणसांसारखे साळसूदपण येते.

ती फिजिओथेरपिस्ट होती. गुडघे बदललेली, कंबर धरलेली, अर्धांगाने एक बाजू लुळी पडलेली माणसे दवाखान्यापर्यंत येऊ शकत नाहीत, म्हणून तीच त्यांच्या घरोघरी जाई. त्यांतली निम्मी घरे टेकडीच्या अंगावर होती. अशा रस्त्यांवर ब्रेकने एकदा साळसूदपणा केला तो पुरे झाला, असे ठरवून तिने पुढचे घर फोनवरूनच रद्द केले आणि गाडी सावकाश गॅरेजकडे वळवली.

मिस्त्रीने चारी चाकांच्या आतून हात फिरवला. कुठे ओल नव्हती. ब्रेक ऑइलची पातळी जिथल्या तिथे होती. मग त्याने स्वतः सीटवर बसून, इंजिन चालू ठेवून पॅडल दाबून धरले आणि डोळे मिटले.

"ब्रेकचा मास्टर सिलिंडर गेलाय, ताई," डोळे उघडत तो म्हणाला. "बाहेर गळत नाही, आतल्या आत गळतोय. आतल्या रबरी वाट्या झिजल्या, की ऑइल पुढं रेटायच्या ऐवजी मागं सटकतं."

"मग नवा घाला."

"घालतो की. पण हे मॉडेल कंपनीनं केव्हाच बंद केलं, आता पार्टही बंद केलेत. दुसऱ्या कंपनीचा मिळतो, चांगला मिळतो." एवढे बोलून त्याने उगाचच रस्त्याकडे पाहिले, जणू तिकडून कोणी ऐकत होते. "फक्त तुमच्या घरी तो चालायचा नाही."

ते खरे होते. तिचे सासरे कंपनीच्या वर्कशॉपात आयुष्यभर स्टोअरकीपर होते. 'जुना दाखवा, नवा न्या' हा त्यांच्या काउंटरचा कायदा होता. मोडलेला भाग काउंटरवर ठेवल्याखेरीज नवा भाग हाती पडत नसे. मग समोर शिकाऊ पोरगा असो नाहीतर मॅनेजर. कारागीर माघारी त्यांना 'कुलूप' म्हणत, आणि हा मिस्त्री त्याच कारागिरांपैकी एक. बाजारात बनलेल्या कोणत्याही भागाला कुलूपसाहेबांच्या लेखी एकच शब्द होता : डुप्लिकेट. तो शब्द ते अशा सुरात उच्चारत, की ऐकणाऱ्याने हात धुऊन यावे.

गाडी त्यांचीच होती. मॉडेल बंद होणार अशी कुणकुण लागताच त्यांनी तिच्यासाठी सुटे भाग जमवायला सुरुवात केली, आणि स्वयंपाकघराच्या भिंतीला लागून असलेले एक अख्खे कपाट सीलबंद डब्यांनी भरून टाकले. "लोकांच्या कपाटात दागिने असतात, आमच्यात क्लचप्लेट," असे सासूबाई येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत. पुढे सासऱ्यांच्या हातांना कंप सुटला आणि गाडी सुनेकडे आली. तेव्हापासून ते रोज संध्याकाळी तिला विचारीत : आज किती फिरली, कुठे आवाज आला का, चढाला ओढते का. ती दमून आलेली असे. "ठीक आहे, बाबा," एवढेच तिच्याकडून येई. हळूहळू प्रश्नही आखडत गेला आणि अखेर नुसते "गाडी?" एवढाच उरला.

म्हणूनच त्या संध्याकाळी "बाबा, मास्टर सिलिंडर गेला," असे तिने म्हणताच त्यांच्या चेहऱ्यावर जे उमटले त्याला काळजी म्हणणे कठीण होते. ते उठले, साबणाने हात धुतले, पुसले, आणि मगच कपाटाची किल्ली काढली.

"अहो, देवघर उघडताय की काय?" सासूबाई म्हणाल्या.

"तुला नाही कळायचं."

"नाहीच कळत. इतकी वर्षं तेच तर सांगतेय."

वरून दुसऱ्या खणात, डावीकडे. त्यांना शोधावे लागले नाही. निळा-पांढरा डबा, चारी कडांना कंपनीची पट्टी जशीच्या तशी. हाताच्या कंपाने डब्यातला ऐवज किंचित खुळखुळला, तेव्हा त्यांनी तो दोन्ही हातांनी छातीशी धरला.

"हा घे. सील तुझ्यासमोर फोडायला लाव. आणि जुना घेऊन ये. जुना बघितल्याशिवाय नवा दिलाय, असं माझ्या हातून आजवर झालेलं नाही. घरचं माणूस म्हणून तुला सवलत."

"बघा हं बाबा, वशिला लावल्यासारखं होईल."

ते हसले. त्यांना असे हसताना तिने बऱ्याच दिवसांत पाहिले नव्हते. जेवताना ते मास्टर सिलिंडरवर बोलले, ताक पिताना त्याच्या रबरावर, आणि पानावरून उठताना असली गाडी पुन्हा होणे नाही यावर.

सकाळी मिस्त्रीने सील फोडले. तेलकट कागदातून सिलिंडर बाहेर आला तो नव्या नवरीसारखा झळझळीत. मिस्त्रीने त्याच्या टोकाची रबरी टोपी चिमटीत धरून जरा मुडपली, आणि त्याचा चेहरा उतरला. घडीच्या रेषेवर केसासारख्या बारीक चिरा उमटल्या होत्या. आतल्या वाट्या काढल्या तर त्या घट्ट झालेल्या.

"दाबून बघा," त्याने एक वाटी तिच्या तळहातावर ठेवली.

माणसांच्या आखडलेल्या स्नायूंवरून रोज फिरणाऱ्या तिच्या अंगठ्याला दुसऱ्या पुराव्याची गरज नव्हती. जे वाकले पाहिजे ते वाकत नव्हते.

"पण डबा तर बंद होता ना!"

"डबा बंद असला तरी वय चालूच असतं, ताई. त्यातून स्वयंपाकघराची भिंत. इतकी वर्षं ऊब खाल्लीय यानं."

"रबरं तेवढी नवी घालता येतील? बाकीचा बाबांचाच ठेवू."

हा मार्ग त्यालाही आवडला असता. त्याने टॉर्च लावून सिलिंडरच्या आत पाहिले आणि तिलाही दाखवले. गुळगुळीत असायला हव्या त्या भिंतीवर गंजाचे ठिपके होते. "हे नव्या रबराला खरवडून खातील. लोखंड बाहेरून चकाकतंय त्यावर जाऊ नका. तुम्ही सांगितलंत तरी मी हा बसवणार नाही. तुम्ही उतारावरून येता."

मग तो तिला दुकानात काय पाहायचे ते सांगू लागला. "कंपनीच्या नावाचा नवाकोरा डबा कुणी पुढं केला तर घेऊ नका. कंपनी बनवतच नाही, तर डबा आला कुठून? तो खरा डुप्लिकेट. दुसऱ्याचं नाव लावून फिरणारा. जो स्वतःच्या नावानं विकतो, तारीख छापतो आणि बिघडला तर बदलून देतो, तो घ्या. साहेब दोघांना एकाच दावणीला बांधतात, तेवढंच त्यांचं चुकतं."

दुकानदाराने खरोखरच आधी कंपनीच्या नावाचा डबा पुढे केला. तिने तो परत सरकवला. दुसरा उघडून तिने रबराला अंगठा लावला, डब्यावरची तारीख वाचली, खोबणी मोजून जुन्याशी ताडून पाहिली आणि मगच घेतला. दुपारपर्यंत तो बसला, नळ्यांतली हवा निघाली, आणि पॅडल पायाखाली ठाम उभे राहिले. गाडीचा प्रश्न सुटला होता. घरचा सुटायचा होता.

"मिस्त्री, एक करा. जुना सिलिंडर या निळ्या डब्यात घालून द्या. बाबांचा तुमच्याकडेच राहू दे."

त्याने फडक्याला हात पुसले. "डब्यात घालून देतो. पण साहेबांनी मला विचारलं, तर मी खोटं बोलणार नाही. त्यांच्या काउंटरवर वाढलोय मी."

"ते कशाला विचारतील?"

ती घरी पोचली तेव्हा सासरे दारातच उभे होते. "बसवला?"

"बसवला, बाबा. पॅडल एकदम मस्त लागतंय."

यातला प्रत्येक शब्द खरा होता, आणि म्हणूनच हे खोटे इतके सहज वठले. सासऱ्यांनी डबा उघडून जुना सिलिंडर फिरवून फिरवून पाहिला, झीज कुठे झाली ते तिला दाखवले, आणि समाधानाने मान हलवली. त्या दिवसापासून संध्याकाळचा प्रश्न पुन्हा लांबरुंद झाला. आज चढावर थांबावे लागले का? पॅडल कुठवर जाते? पावसाळी रस्त्यावर कसे लागते? तीही आता सविस्तर उत्तरे देऊ लागली, कारण अपराधी माणूस उदार होतो. खोटे गोड लागत होते. घरात दोघांनाही ते मानवले होते.

रविवारी संध्याकाळी पाने वाढली गेली, तेव्हा सासरे भलतेच खुशीत होते.

"खालचे चष्मेवाले भेटले जिन्यात," ते म्हणाले. तळमजल्यावर राहणाऱ्या चष्म्याच्या दुकानदाराकडे हेच मॉडेल होते. "ब्रेकच्या रबरी नळ्या बदलायच्यात म्हणे. बायकामुलांना घेऊन डोंगरातल्या रस्त्यानं जायचंय. बाजारातून डुप्लिकेट आणणार होते. म्हटलं, खबरदार! माझ्याकडे कंपनीच्या आहेत, सीलबंद. आमच्या सूनबाईच्या गाडीत माझाच सिलिंडर आहे, तिला विचारा ब्रेक कसा लागतो! सकाळी न्यायला येतायत."

तिच्या हातातला घास हातातच राहिला. त्या नळ्याही त्याच कपाटातल्या होत्या, त्याच भिंतीच्या, त्याच काळातल्या. आणि त्या चांगल्या असल्याचा दाखला म्हणून तिचे नाव दिले गेले होते. आतापर्यंत तिच्या खोटेपणाने एका म्हाताऱ्या माणसाला सुख झाले होते. उद्या तेच खोटे एका कुटुंबाला घेऊन घाट उतरणार होते.

"बाबा, त्यांना नळ्या देऊ नका."

"का?"

"माझ्या गाडीत तुमचा सिलिंडर नाहीये."

तिने सगळे सांगितले. चिरा, वाट्या, गंज, दुकान, डब्याची अदलाबदल. सांगताना तिने मिस्त्रीवर काही ढकलले नाही. सासरे पानाकडे बघत ऐकत होते.

"मिस्त्रीला माहीत होतं?"

"हो. त्यांना आवडलं नव्हतं. मीच आग्रह केला."

"आणि हिला?"

"मला कशाला मध्ये ओढता?" सासूबाई म्हणाल्या. "मला ठाऊक असतं तर मी त्याच दिवशी पचकले असते. माझ्या पोटात तीळ भिजत नाही, हे सूनबाईला चांगलं ठाऊक आहे."

"सीलबंद माल होता!" त्यांचा आवाज चढला. "हवा लागली नाही, पाणी लागलं नाही. मिस्त्री घाबरट आहे, पहिल्यापासून घाबरट. कंपनीचा माल आणि बाजारातला माल यात फरक असतो की नाही?"

"असतो, बाबा. आज बनलेला कंपनीचा मिळाला असता, तर मी तोच घातला असता."

"अहो, सोन्याची सुरी झाली म्हणून कुणी उरात खुपसून घेतं का?" सासूबाई म्हणाल्या. त्यांच्या स्वरात या वेळी टोमणा नव्हता.

सासऱ्यांनी पानाच्या कडेवरचा हात मांडीवर ओढून घेतला.

"म्हणजे मी रोज विचारत होतो, आणि तू रोज..." मग ते हळू म्हणाले, "पार्ट बाहेरचा आणलास, ते एक वेळ चाललं असतं. उत्तर तरी घरचं द्यायचं होतंस."

"चुकलं माझं," ती म्हणाली. "तुमचं मन मोडायचं नव्हतं."

"मन!" ते उठले. "सकाळी मला गॅरेजवर ने. जुना बघितल्याशिवाय मी काही मानणार नाही."

सकाळी ते शेजारच्या सीटवर बसले, पट्टा लावला आणि नजर समोरच्या रस्त्यावर ठेवली. गॅरेजात त्यांना पाहताच मिस्त्रीने कोपऱ्यातल्या फळीवरून त्यांचा सिलिंडर आणि सुट्या काढलेल्या वाट्या आणल्या आणि पूर्वी काउंटरवर ठेवत असे तशा, स्वच्छ फडक्यावर, त्यांच्यासमोर मांडल्या.

सासऱ्यांनी एक वाटी उचलली. अंगठा आणि तर्जनी यांच्यात धरून दुमडली. हात कापत होता, पण दाब अचूक होता. बारीकसा आवाज झाला आणि कड फाटली. त्यांनी दुसरी घेतली नाही.

"आपल्या स्टोअरमध्ये रबराचं काय करायचो रे आपण?"

"तुम्ही दर वर्षी सगळं रबर काढून असंच अंगठ्यानं दाबायचात, साहेब. कडक लागलं की भंगारात."

"सील असलं तरी?"

"सील असलं तरी. एकदा मॅनेजरशी भांडला होतात त्यावरून."

"भांडलो होतो खरा." फाटलेली वाटी त्यांनी फडक्यावर परत ठेवली. "मग घरचं का नाही दाबलं कधी?"

हा प्रश्न त्यांनी कोणाला विचारला होता ते कळत नव्हते. उत्तर तसे अवघड नव्हते. स्टोअरमधला माल द्यायचा असे. कपाटातला जपायचा होता. जपलेली वस्तू उघडून पाहायचे धाडस फार थोड्यांना होते. झाकली मूठ सव्वा लाखाची असते ती उघडेपर्यंतच, हे मूठ झाकणाऱ्याला इतरांहून चांगले ठाऊक असते.

घरी येताच त्यांनी कपाट उघडले. या वेळी हात धुतले नाहीत. खालच्या खणातून नळ्यांचा डबा काढला, स्वतःच्या नखाने पट्टी फाडली आणि एक नळी बोटांभोवती वळवली. काळ्या रबरावर पांढरट भेगा पसरल्या. त्यांनी नळी तशीच वळवून धरली. जणू अजून थोडा वेळ दिला तर त्या बुजतील.

दाराची घंटा वाजली. ती पुढे झाली.

"बाबा, मी सांगते त्यांना. म्हणते, माझ्यामुळे गोंधळ झाला."

त्यांनी हातानेच तिला थांबवले आणि स्वतः दार उघडले. चष्मेवाले हसतमुखाने उभे होते. हातात पिशवीसुद्धा होती.

"आलो बुवा तुमचा खजिना लुटायला!"

"खजिना वगैरे काही नाही," सासरे म्हणाले. "नळ्या आहेत, पण त्या तुम्हाला द्यायच्या लायकीच्या नाहीत."

"असं काय करता, काका? काल तर देतो म्हणालात!"

"काल मी तपासल्याशिवाय बोललो." हे वाक्य त्यांना जड गेले, हे मागे उभ्या असलेल्या सुनेला त्यांच्या पाठीवरूनही कळले. त्यांनी हातातली नळी पुढे केली. "हे बघा. असं रबर डोंगरात फुटलं, तर ब्रेक राहणार नाही. माझा सिलिंडरही असाच निघाला. सूनबाईनं तो बसवला नाही, तेच बरोबर केलं. मी तुम्हाला चुकीचं सांगितलं."

चष्मेवाल्यांनी भेगा पाहिल्या आणि त्यांचे हसू मावळले. रिकामी पिशवी त्यांनी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली. "मग आता काय करू? बाजारात दहा प्रकारच्या असतात. मला काय कळतंय त्यातलं? कुठली खरी, कुठली खोटी."

सासऱ्यांनी तोंड उघडले. डुप्लिकेट हा शब्द सवयीने त्यांच्या ओठांपर्यंत आला असावा. पण बाहेर पडला नाही. ते वळले, खुंटीवरचा सदरा काढून अंगात घालू लागले. बटणे लागायला वेळ लागत होता. सासूबाई पुढे आल्या आणि वरची दोन लावून गेल्या.

"मी येतो तुमच्याबरोबर," ते म्हणाले. "गाडीतली जुनी नळी आधी काढून घ्या, ती हातात असल्याशिवाय दुकानात पाऊल टाकायचं नाही. रबर मी बघेन."

जिन्याच्या पहिल्या पायरीवर ते थांबले. सुनेकडे त्यांनी अजून सकाळपासून सरळ पाहिले नव्हते. आता पाहिले. राग गेला होता असे म्हणता आले नसते. तो बाजूला ठेवलेला दिसत होता, एवढेच.

"तू कुठल्या दुकानातून घेतलास?"

तिने दुकान सांगितले, वळण सांगितले, दुकानदार आधी कोणता डबा पुढे करतो तेही सांगितले.

"आणि तारीख? डब्यावर कुठे छापतात हे लोक?"

"खालच्या बाजूला, बाबा. बारीक असते, नीट बघावी लागते. येऊ का मी?"

त्यांनी कठड्यावर हात ठेवला, तो स्थिर होईपर्यंत थांबले.

"ये," ते म्हणाले. "गाडी तूच काढ."